टेपच्या खणाची कुळकथा

१८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. गाडीच्या डॅशबोर्डमधला एवढासा आयताकृती खण. त्यात आधी रेडिओ होता, मग टेप आली, मग सीडी. आज पनवेलमधल्या एखाद्या कार डेकोरच्या दुकानात पंधरा वर्षं चाललेल्या गाडीच्या त्याच जागी नऊ इंची स्क्रीन बसते. तिच्यावर फोनमधला नकाशा उमटतो, आलेला फोन स्टिअरिंगवरचा हात न काढता घेता येतो, रिव्हर्स टाकला की मागचा रस्ता दिसतो. इंजिन तेच, दारं तीच, मालकही तोच. तरी गाडी आजच्या काळात आलेली असते. हे शक्य होतं ते त्या दोन आकड्यांमुळे. ते आकडे आले कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण नव्या गाड्यांतून ते आता नाहीसे होऊ लागले आहेत.

पनवेलहून ही कथा सांगायला कारण आहे. १८३० मध्ये बोर घाटाचा रस्ता चाकाच्या गाड्यांसाठी खुला झाला आणि पनवेल बंदर थेट देशाशी जोडलं गेलं. मुंबईहून माणसं आणि माल होडीनं पनवेलला उतरायचा आणि पुढे घाट चढायचा. त्या काळी पनवेल गाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं होतं. लांबून आलेला गाडीवाला झिजलेल्या चाकापायी अख्खी गाडी टाकून देत नसे. चाक बदलायचं आणि वाटेला लागायचं. रेल्वे आली, बंदराचं महत्त्व ओसरलं, पण वाटांचा संगम म्हणून गावाचं स्थान टिकलं. जुना मुंबई-पुणे रस्ता, शीव-पनवेल महामार्ग, गोव्याकडे जाणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग आणि कळंबोलीपासून सुरू होणारा द्रुतगती मार्ग इथे एकमेकांना भेटतात. घाट चढण्याआधी किंवा कोकणात उतरण्याआधी गाडी ठाकठीक करून घेण्याचं हे ठिकाण.

गाडीत आवाज आणणारी सुरुवातीची यंत्रं मोटार कारखान्यांनी दिली नाहीत, ती बाहेरच्यांनी बसवली. शिकागोत पॉल आणि जोसेफ या गॅल्विन बंधूंचा छोटा कारखाना होता. १९३० मध्ये त्यांनी स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला. पॉल गॅल्विन ती गाडी घेऊन अटलांटिक सिटीत भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेले आणि बाहेरच गाडी उभी करून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. त्या रेडिओला नाव मिळालं ‘मोटोरोला’. पुढे तेच कंपनीचं नाव झालं.

ते काम फार जिकिरीचं होतं. रेडिओ व्हॉल्व्हचा होता आणि व्हॉल्व्हला उच्च दाबाची वीज लागे. गाडीची बॅटरी तेवढा दाब देऊ शकत नव्हती, म्हणून रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या फरशीखाली ठेवाव्या लागत. पुढे व्हायब्रेटर आला. तो बॅटरीचा प्रवाह सतत तोडून-जोडून ट्रान्सफॉर्मरला द्यायचा आणि दाब वाढवून घ्यायचा. दुसरा वैरी म्हणजे गाडीचं स्वतःचं इंजिन. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी ही एक लहानशी रेडिओलहर असते, त्यामुळे इंजिन सुरू झालं की गाण्यात खरखर मिसळे. ती दाबायला इग्निशनच्या तारांवर रोधक आणि कंडेन्सर बसवावे लागत. स्वस्तातली नवी मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती आणि रेडिओ बसवून घ्यायला शंभराहून जास्त डॉलर लागत. लोकांनी तरीही तो घेतला. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टनं युरोपातला पहिला कार रेडिओ आणला, तोही स्टुडबेकरमध्येच बसवून. म्हणजे तयार गाडीत मागाहून काहीतरी बसवणं हाच या कुळाचा मूळपुरुष आहे.

ट्रान्झिस्टरनं रेडिओ लहान केला. १९५५ मध्ये अमेरिकेत फिल्को आणि क्रायस्लर यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ आणला. आता व्हायब्रेटर नको, व्हॉल्व्ह तापण्याची वाट पाहणं नको. १९६३ मध्ये फिलिप्सनं कॅसेट आणली आणि ऐकणाऱ्याला स्वतःचं गाणं सहज सोबत नेता येऊ लागलं.

आपल्याकडे त्या काळी गाड्या मुख्यतः दोनच दिसत. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात बनणारी अँबॅसडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याची वार्षिक फी पोस्टात भरावी लागे. गाडीत रेडिओ असणं ही चैन होती. ज्यांच्याकडे तो असे, त्यांना १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती वाटेत सोबत करी. बसवण्याची रीत ओबडधोबड होती. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्ट्या स्क्रूनं आवळायच्या आणि त्यात डबा टांगायचा. प्रत्येक रेडिओचं माप वेगळं, प्रत्येक गाडीची जागा वेगळी. म्हणून प्रत्येक वेळी कापाकापी आलीच, आणि एकदा कापलेला पत्रा पुढच्या यंत्राला बसेलच असं नव्हतं.

हा गोंधळ मिटवला तो एका मानकानं. जर्मनीच्या मानक संस्थेनं, डिननं, ७५४९० या क्रमांकाखाली गाडीतल्या रेडिओच्या तोंडाचं माप ठरवलं: १८० बाय ५०. आंतरराष्ट्रीय पातळीवर तेच माप आयएसओ ७७३६ म्हणून स्वीकारलं गेलं. जपानी गाड्यांनी त्याच्या दुप्पट उंचीचा, १८० बाय १०० चा खण रुळवला. आपल्या दुकानांत ‘सिंगल डिन’ आणि ‘डबल डिन’ हे शब्द आजही याच अर्थानं चालतात.

हे दिसायला किरकोळ काम आहे, पण त्यानं अधिकाराची वाटणी केली. गाडी बनवणारा आणि आवाज देणारा हे दोघे एकमेकांना न विचारता काम करू शकले. मध्ये मालक मोकळा झाला. त्यानं आज एका कंपनीची टेप घ्यावी, पाच वर्षांनी दुसरीची. गाडीला त्याचं काही वाटत नाही. तारांचंही तसंच झालं. मागच्या जोडणीसाठी आयएसओ १०४८७ हे मानक आलं आणि बाजारातल्या यंत्रांत तारांच्या रंगांचा ठराव रूढ झाला. पिवळी तार थेट बॅटरीची, कायम वीज असलेली. घड्याळ आणि ठरवलेली स्टेशनं तिच्यावर लक्षात राहतात. लाल तार चावीची, म्हणजे ‘एसीसी’ची. काळी अर्थची. पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी या चार स्पीकरांच्या, आणि ज्या तारेवर काळी रेघ ती त्या स्पीकरची ऋण बाजू. भाषा न कळणाऱ्या देशातलं यंत्र हातात आलं तरी पनवेलचा इलेक्ट्रिशियन ते बसवू शकतो, कारण हे रंग सगळीकडे तेच बोलतात.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि देशात गाड्यांची संख्या वाढू लागली. नव्वदच्या दशकात सॅन्ट्रो, इंडिका आल्या. स्वस्त मॉडेल बहुधा टेपशिवाय मिळे. खण रिकामा, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. गाडी घरी येई, पूजा होई आणि मग ती दुकानात जाई. पुढच्या दारांत स्पीकर, मागच्या काचेखालच्या फळीवर सहा बाय नऊचे लंबगोल स्पीकर, शौक असेल तर डिकीत वूफर. टेप चोरीला जाऊ लागल्या तेव्हा बटणांची पट्टी काढून खिशात नेता येईल अशी यंत्रं आली. मुंबईत सुटे भाग शोधायला लॅमिंग्टन रोड, जुन्या गाड्यांच्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. पनवेलच्या माणसालाही बरीच वर्षं तिकडेच जावं लागे. पुढे नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे भरत गेले आणि हे कसब इथेच वस्तीला आलं.

कोकणच्या वाटेनं टेपची गरज वेगळ्याच कारणानं पक्की केली. एफएमची लहर साधारण नजरेच्या रेषेत जाते, डोंगर आडवा आला की ती अडते. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या गाडीत मुंबईचं स्टेशन फार दूरवर पुरत नाही. त्यापुढे सोबत नेलेलं गाणंच खरं. कॅसेटचा डबा, मग सीडीची पिशवी, मग पेन ड्राइव्ह आणि शेवटी फोन.

फोन गाडीत शिरला तो चोरवाटांनी. पहिली वाट कॅसेटच्या आकाराच्या ॲडॉप्टरची. त्यात फीत नसते, एक छोटं विद्युतचुंबक असतं. ते टेपच्या हेडसमोर येतं आणि फोनमधल्या आवाजाचं बदलतं चुंबकीय क्षेत्र तिथे उभं करतं. हेडला वाटतं, फीतच चालली आहे. दुसरी वाट सिगारेट लायटरच्या भोकात बसणाऱ्या एफएम ट्रान्समीटरची, तिसरी ऑक्सच्या वायरची. मग ब्लूटूथ आलं. २००३ मध्ये त्यात स्टिरिओ संगीत पाठवण्याची पद्धत ठरली आणि वायर सुटली.

खरा पालट झाला तो २०१४ मध्ये ॲपलनं कारप्ले आणि २०१५ मध्ये गुगलनं अँड्रॉइड ऑटो आणलं तेव्हा. यात नकाशा, गाणी, फोन हे सगळं काम फोनच करतो. गाडीतली स्क्रीन फक्त चित्र दाखवते आणि बोटाचा स्पर्श फोनला कळवते. परिणामी, फोन नवा घेतला की गाडीही नवी होते. जुन्या गाडीसाठी याहून मोठी देणगी नाही.

इथे गिऱ्हाइकाची हमखास गल्लत होते. ‘अँड्रॉइड स्टिरिओ’ आणि ‘अँड्रॉइड ऑटो’ या दोन वेगळ्या गोष्टी. पहिला म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेला टॅबलेटच. त्याचा प्रोसेसर, त्याची मेमरी, आणि काही वर्षांत येणारं त्याचं म्हातारपणही त्याचंच. दुसरं म्हणजे फोनचं काम स्क्रीनवर दाखवण्याची सोय. पैसे मोजताना ही सोय आहे का आणि ती वायरशिवाय चालते का, हे आधी विचारावं.

बसवण्याचं कसब आता कापाकापीचं राहिलेलं नाही, जुळवण्याचं झालं आहे. प्रत्येक मॉडेलची वेगळी फ्रेम मिळते, ती स्क्रीन आणि डॅशबोर्ड यांच्यातली फट बुजवते. त्याच मॉडेलचा कपलर मिळतो, त्यामुळे कंपनीची तार कापावी लागत नाही. तार कापली की विजेच्या भागाची वॉरंटी धोक्यात येते. स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून अनेक गाड्यांत कॅनबसचा छोटा डबा लागतो. तो गाडीच्या अंतर्गत जाळ्यावरचे संदेश वाचून स्क्रीनला सांगतो. रिव्हर्स कॅमेऱ्याला वीज मागच्या पांढऱ्या दिव्यावरून द्यायची, म्हणजे रिव्हर्स पडताच चित्र येतं. जीपीएसचा अँटेना काचेजवळ, आकाश दिसेल असा. माइक एसीच्या झोतापासून दूर. व्हिडिओची तार हँडब्रेकला, म्हणजे गाडी उभी असतानाच चित्रपट दिसावा. ही तार घाईत सरळ अर्थला जोडून देतात, ते करू देऊ नये. लाल तार चावीऐवजी थेट बॅटरीला जोडली तर यंत्र रात्रभर जागं राहतं आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. फ्यूज तर हवाच. चांगला कारागीर ओळखायचा तो तारा टेपनं गुंडाळून मोकळ्या सोडतो की बांधून, खडखडणार नाहीत अशा ठेवतो यावरून.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. पनवेलच्या एमएच-४६ पाटीच्या कितीतरी गाड्या त्या टप्प्याजवळ आल्या आहेत आणि इंजिनात अजून जीव आहे. फोनचं आयुष्य मात्र चार-पाच वर्षांचं. इतक्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या दोन वस्तू एकत्र नांदवायच्या, तर कमी आयुष्याची वस्तू बदलता आली पाहिजे.

नव्या गाड्यांत नेमकं हेच अवघड होत चाललं आहे. स्क्रीन डॅशबोर्डशी एकजीव केलेली असते. एसी, कॅमेरा, गाडीच्या सेटिंग सगळं तिच्याच पोटात. ती काढली तर एसीची बटणंही जातात. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी सेवा बंद झाली तेव्हा अनेक धडधाकट गाड्यांमधल्या नेटवर चालणाऱ्या सोयी मेल्या, कारण आतला मोडेम जुन्या जाळ्याचा होता. २०२३ मध्ये जनरल मोटर्सनं पुढच्या विजेच्या गाड्यांत कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो न देण्याचं जाहीर केलं. फोन आणि गाडी यांच्यातला दरवाजा कंपनीनं स्वतःकडे ठेवायचा, असा हा निर्णय आहे.

म्हणून नवी गाडी पाहायला जाल तेव्हा स्क्रीन किती इंची हे विचारून थांबू नका. ही बंद पडली तर फक्त हीच बदलता येईल का, बाहेरची बसेल का, एसी तिच्याविना चालेल का, हेही विचारा. उत्तर नीट मिळालं नाही, तर ते पुढच्या खर्चात धरून चाला. सरकारनं मानकं ठरवताना आणि कंपन्यांनी डॅशबोर्ड आखताना हा प्रश्न समोर ठेवावा, हेही गिऱ्हाइकांनी मागितलंच पाहिजे. चाळीसएक वर्षं या देशातल्या सामान्य माणसानं एकच गाडी तीन पिढ्यांच्या यंत्रांसह वापरली, ती सर्वांनी मान्य केलेल्या एका मापाच्या जोरावर. तसं माप स्क्रीनसाठीही ठरू शकतं, आणि ते ठरायला हवं.