शिंगधारी डायनोसॉरचे नामकरण आणि क्षेत्रसंग्राहकाचे स्थान

अमेरिकेच्या पश्चिम भागातील एकोणिसाव्या शतकातील जीवाश्म-संशोधनाचा इतिहास बहुतांशी ओथनिएल मार्श आणि एडवर्ड कोप यांच्या वैराचा इतिहास म्हणून लिहिला गेला. या मांडणीत माळरानावर प्रत्यक्ष राबणारा संग्राहक उपेक्षित राहतो. शिंगधारी शाकाहारी डायनोसॉरच्या नामकरणाचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगा आहे.

१८८७ मध्ये डेन्व्हर शहराजवळ कवटीच्या तुकड्यासह दोन लांब शिंगांचे अस्थिगाभे सापडले. येल येथील प्राध्यापक मार्श यांनी ते लुप्त गव्याचे ठरवून त्यास ‘बायसन अल्टिकॉर्निस’ असे नाव दिले. तेथील खडक सस्तन प्राण्यांच्या युगातील, असा त्यांचा समज होता. आज ही चूक हास्यास्पद वाटते. तथापि डोळ्यांवर अशी शिंगे असलेल्या डायनोसॉरची कवटी तोवर कोणी ओळखलेली नव्हती. कोप यांनी १८७२ व १८७६ मध्ये नावे दिलेले या गटातील अवशेषही अपुरेच होते.

या कोड्याची उकल झाली ती जॉन बेल हॅचर यांच्यामुळे. मार्श यांच्यासाठी जीवाश्म गोळा करणाऱ्या हॅचर यांना १८८८ मध्ये वायोमिंगमधील एका पशुपालकाकडे मोठे शिंग पाहावयास मिळाले. एका गुराख्याला घळीत दिसलेल्या कवटीचे ते तुटलेले शिंग होते. हॅचर यांनी त्या कवटीचा माग काढला आणि १८८९ मध्ये मार्श यांनी ‘ट्रायसेराटॉप्स’ हे नाव प्रसिद्ध केले. १८९२ पर्यंत हॅचर यांनी या परिसरातून शिंगधारी डायनोसॉरच्या तीसहून अधिक कवट्या मिळविल्या. शिंगे, मानेवरील अस्थिपटल व चोच ही एकाच कवटीत दिसल्यावर गव्याची कल्पना टिकणे शक्यच नव्हते.

जाड कवटीच्या डायनोसॉरबाबतही असेच घडले. लॅम्ब यांनी १९०२ मध्ये वर्णिलेला ‘स्टेगोसेरस’ केवळ दातांच्या साधर्म्यावरून १९२४ मध्ये ‘ट्रूडॉन’मध्ये घातला गेला, तो १९४५ मध्ये वेगळा झाला. शिंगधारी आणि जाड कवटीचे हे दोन्ही गट ‘मार्जिनोसेफालिया’ या एका नावाखाली आले ते १९८६ मध्ये.

हॅचर यांनी १८९३ मध्ये मार्श यांची नोकरी सोडली. पुढे शिंगधारी डायनोसॉरवरील बृहद्ग्रंथाचे काम त्यांच्याकडे आले. परंतु १९०४ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. रिचर्ड लल यांनी पूर्ण केलेला हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रकाशित झाला. त्याच्या मुखपृष्ठावर लेखक म्हणून हॅचर यांचे नाव आहे. मार्श यांचा उल्लेख प्राथमिक अभ्यास करणारे म्हणून येतो.