उंदराचे वर्ष आणि नगरचा किल्ला

रविवारी राशिभविष्य उघडले की मेष-वृषभाशेजारी आता चिनी राशीही भेटतात. बारा वर्षांचे बारा प्राणी आणि प्रत्येकाचे महिन्याचे भविष्य. जोडीला फेंगशुई : हसरा बुद्ध कुठे ठेवावा, पाणी कोणत्या कोपऱ्यात असावे.

ही प्राण्यांची कालगणना आपल्याकडे अगदीच नवी नाही. मोगल दरबाराला ती ठाऊक होती; अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त तिची नोंद केली आहे. म्हटले, आपल्या नगरवरच ती ताडून पाहू.

१६०० हे उंदराचे वर्ष. त्या वर्षी चांदबीबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली आणि पाठोपाठ भुईकोट किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. १६३६ पुन्हा उंदराचे. तेव्हा निजामशाही बुडाली. उंदीर नगरला अशुभ, असे कोणीही म्हणेल.

पण मधले १६२४? तेही उंदराचेच! त्या वर्षी नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलाची केली आणि मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांना धूळ चारली. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले.

प्राणी एकच, निकाल मात्र वेगळे. पाणी कोणत्या कोपऱ्यात आहे यापेक्षा ते कधी सोडायचे, हे अंबरला कळत होते.

महिन्याचे भविष्य मीही चहाबरोबर वाचतो. मात्र किल्ल्यावरून जाताना चांदबीबी आठवते. तटाला पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवले होते. आपल्याच माणसांतले खिंडार तिला बुजवता आले नाही.