औषधाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे म्हणतात. औषधाचे कूळ मात्र शोधावे, अशा मताचा मी आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ मिळत असे. पिवळसर तपकिरी, चवीला कडू. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून ती लावत. १८६४ मध्ये मुंबईतले औषधविक्रेते केम्प यांनी तिच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. पण ती येते कशापासून, हे कोडेच राहिले. १८७४ मध्ये डॉ. जोसेफ फेअरर यांनी लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात तिच्याविषयी लिहिले. पुढच्याच वर्षी ब्राझीलमधल्या बाहियाच्या डॉ. सिल्व्हा लिमा यांनी कळवले, की ही आमच्याकडची ‘अरारोबा’! तिथल्या जंगलात एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ही भुकटी साठते. ती काढणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, चेहरा सुजतो. काजू-अननसांसारखीच तीही पोर्तुगीजांच्या वाटेने आली आणि गोव्याचे नाव लावून बसली.

रोगाचे कूळही तेव्हा नुकतेच उलगडले होते. दूषित रक्ताला दोष देण्याचे दिवस होते. १८४० च्या आसपास रेमाक, शोनलाइन आणि पॅरिसमध्ये ग्रुबी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की डोक्यातल्या खवड्यांत बुरशीचे तंतू असतात. कातडी, केस, नखे, शिंगे ज्या केराटिनची बनतात, तेच या बुरशीचे अन्न. म्हणून वासराच्या अंगावरची बुरशी गुराख्याला आणि मांजराची घरातल्या पोराला लागते.

गजकर्ण समजून एका रुग्णाने ही पावडर लावली आणि गुण आला तो सोरायसिसला. त्यावरून लंडनच्या डॉ. स्क्वायर यांनी १८७६ पासून ती त्या रोगावर वापरली. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल थांबल्यावर जर्मनांनी तिच्या धर्तीवर डिथ्रानॉल बनवले. सोरायसिसवर ते अजूनही वापरतात.

हे सारे आज सांगायचे कारण आहे. गेल्या दशकभरात आपल्याकडे गजकर्ण हट्टी झाले आहे. २०२० मध्ये त्यातल्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे भारताचा निर्देश करणारे नाव मिळाले. टर्बिनाफिनला ती पुष्कळदा दाद देत नाही. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. खाज थांबते, लाली उतरते. बुरशी मात्र आत पसरत राहते.

गोवा पावडरच्या पुडीवर तिचे कूळ लिहिलेले नव्हते. मलमाच्या ट्यूबवर ते बारीक अक्षरात असते. लावण्याआधी चष्मा घालून वाचावे, एवढेच.