छापील निकालाखालचे निकाल

चवदार तळ्याच्या खटल्याबद्दल लिहिताना आपण बहुधा १७ मार्च १९३७ ही एकच तारीख देतो. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादी रूढी सिद्ध झाली नाही, असे न्या. ब्रूमफील्ड यांनी ठरवले. (१९२२ साली गांधींना शिक्षा सुनावणारे तेच.) हा निकाल लॉ रिपोर्टात छापला गेला, म्हणून तळटीप सोपी. परिणाम असा की तळ्यावरचा हक्क ही एका गोऱ्या न्यायमूर्तीची देणगी वाटू लागते.

वास्तविक बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात दाखल झाला, आणि तिथेच ८ जून १९३१ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने ३० जानेवारी १९३३ ला तो कायम केला. खालच्या कोर्टांचे निकाल रिपोर्टात सहसा येत नाहीत. साक्षीपुरावे मात्र तिथेच होतात. छापले नाही ते अविश्वसनीय, हा समज वकिलाला परवडेल. त्याला पूर्वदाखला हवा असतो. आपल्याला पुरावा हवा.

तेव्हा हवाला देताना कोर्टाचे नाव, दाव्याचा क्रमांक व साल, पक्षकार, निकालाची तारीख लिहावी आणि प्रत कुठे पाहिली तेही. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर त्या पुस्तकाचेच नाव द्यावे. कोर्टाची दप्तरे मुदतीनंतर नियमाने नष्ट होतात. नकलेचा अर्ज आधी करावा, प्रबंधाचा आराखडा मागाहून.