आतड्याच्या कर्करोगाची रक्तातील खूण

रोग शरीराच्या आत, नजरेआड वाढत असतो. वैद्याला मात्र तो बाहेरून ओळखावा लागतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग या बाबतीत विशेष फसवा. पुष्कळ काळ तो कसलाच त्रास देत नाही, आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा कित्येकदा फार उशीर झालेला असतो. म्हणूनच रक्ताच्या चार थेंबांवरून त्याचा सुगावा लागावा, ही वैद्यकाची जुनी आकांक्षा होती.

अशी खूण शरीरातील द्रवांत सापडू शकते, हे एकोणिसाव्या शतकातच दिसून आले होते. १८४७ च्या सुमारास लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स यांनी अस्थिमज्जेचा दुर्धर विकार जडलेल्या एका रुग्णाच्या मूत्रात एक विलक्षण प्रथिन पाहिले. तापविले की ते विरघळे आणि निवले की पुन्हा साकळे. परंतु आतड्याच्या कर्करोगाची खूण हाती येण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लोटावा लागला.

१९६५ मध्ये कॅनडातील माँट्रिअल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी ती शोधून काढली. अडचण अशी होती की, एका माणसाच्या गाठीची दुसऱ्या माणसाच्या निरोगी आतड्याशी तुलना केली, तर दिसणारा फरक रोगाचा की माणसामाणसांतील, हे कळत नसे. या दोघांनी त्यातून सोपी वाट काढली. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर आजूबाजूचे बरेचसे आतडेही काढले जाते. त्यामुळे एकाच रुग्णाची रोगट व निरोगी पेशीजाले शेजारीशेजारी मिळतात. गाठीचा अर्क सशांना टोचून त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण केली. मग निरोगी आतड्याचा अर्क त्यांत मिसळून, दोहोंना लागू पडणारी प्रतिपिंडे काढून टाकली. जी उरली, ती केवळ गाठीतीलच एका पदार्थाला ओळखीत होती.

पुढे आणखी एक आश्चर्य निघाले. हाच पदार्थ पहिल्या सहा महिन्यांतील मानवी गर्भाच्या आतड्यात, यकृतात व स्वादुपिंडातही आढळला. जन्मापूर्वीच्या अवस्थेत असणारे प्रथिन कर्करोगाच्या पेशी पुन्हा निर्माण करीत होत्या. त्यावरून त्याला ‘कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन’ म्हणजे कर्क-गर्भीय प्रतिजन असे नाव मिळाले. ‘सीईए’ हे त्याचेच संक्षिप्त रूप.

१९६९ मध्ये माँट्रिअलच्याच संशोधकांनी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने रक्तातील हे प्रथिन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. एका ग्रॅमचा अब्जावा भाग मोजू शकणारी ती चाचणी होती. आतड्याचा कर्करोग असलेल्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांच्या रक्तात प्रथिन सापडले, आणि शस्त्रक्रियेने गाठ पूर्णपणे निघाल्यावर ते ओसरले. आता निरोगी दिसणाऱ्या माणसांचे रक्त तपासून रोग आरंभीच धरता येईल, अशी मोठी आशा जगभर निर्माण झाली.

ती आशा टिकली नाही. अन्यत्र प्रयोग झाले तेव्हा आरंभीच्या अवस्थेतील पुष्कळ रुग्णांच्या रक्तात प्रथिनाची वाढ दिसेना. उलट धूम्रपान करणारे, यकृताचे विकार किंवा आतड्याचा दाह असणारे यांच्यात, तसेच स्तनाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगातही ते वाढलेले आढळले. निरोगी प्रौढाच्या आतड्यातही ते अल्प प्रमाणात असते, हेही उमगले. याचा व्यवहारातील अर्थ गंभीर होता. समजा, दहा हजार निरोगी माणसांची चाचणी घेतली आणि शंभरांत पाचांबाबत ती चुकली, तर पाचशे घरांत विनाकारण मृत्यूची छाया पडेल. आणि ज्याला खरोखर रोग आहे असा एखादा खोट्या दिलाशावर निश्चिंत घरी जाईल. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञसभेने ही चाचणी निरोगी लोकांतून कर्करोगी निवडण्यास वापरू नये, असा निर्णय दिला.

तथापि चाचणी टाकून दिली गेली नाही. तिचे काम बदलले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत प्रथिनाची पातळी पूर्ववत व्हावी, अशी अपेक्षा असते. ती उतरली नाही, तर रोग मागे राहिल्याची शंका येते. उतरून काही महिन्यांनी ती पुन्हा चढू लागली, तर रोग यकृतात वा अन्यत्र परतला असावा, अशी सूचना मिळते. येथे एका आकड्याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते त्याच माणसाच्या आकड्यांच्या ओळीला.

या पहाऱ्याची कसोटीही ब्रिटनमध्ये लागली. २००३ ते २००९ या काळात ३९ रुग्णालयांतील १,२०२ रुग्ण तीत घेतले गेले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे रक्त नियमित तपासले गेले, त्यांच्यापैकी शेकडा सुमारे सात जणांवर परतलेला रोग समूळ काढण्याच्या हेतूने उपचार करता आले. ज्यांच्यावर फारशी नजर ठेवली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास होते. परंतु एकूण मृत्युसंख्येत निश्चित म्हणावा असा फरक पडला नाही, हेही त्याच निष्कर्षांत स्पष्टपणे नोंदविले आहे.

ज्या कामासाठी ही खूण शोधली, असे जगाला वाटले, त्या कामाला ती अपुरी पडली. पण तिच्या मर्यादा प्रामाणिकपणे मोजल्या गेल्या, म्हणूनच ती आजही रुग्णाच्या उपयोगी पडते. हाती आलेल्या कागदावरील एका आकड्याने घाबरून जाऊ नये, आणि एका आकड्याने निर्धास्तही होऊ नये, एवढा बोध या इतिहासातून सामान्य माणसानेही घेण्याजोगा आहे.