किन्नराची जागा

अनुभव नसताना हातची नोकरी सोडून ट्रकवर जावे, असा विचार कोणी बोलून दाखवला की लोक परवान्याचे विचारतात. आम्हाला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हे काम माणसे शिकत कोठे?

१९५४ साली टेल्कोने जमशेदपूरला डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले. ट्रक वाढले तसे चालकही लागू लागले. त्यांची खरी शाळा म्हणजे क्लीनरची जागा. क्लीनर, बोलीत किन्नर. (इंग्रजी शब्दाला आपल्या लोकांनी थेट देवलोकात नेऊन बसवले!) तो काच पुसे, टायर ठोकून हवा अजमावी, चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावी. रिकाम्या रस्त्यावर उस्तादाची मर्जी झाली, तर कधीतरी स्टेअरिंग हाती येई.

कायद्याच्या लेखी ही उमेदवारी नव्हतीच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहतुकीच्या वाहनासाठी वयाची वीस वर्षे आणि हलक्या वाहनाच्या परवान्याचे एक वर्ष मागितले. पुढे नियमांत आठवी उत्तीर्णतेची अट आली. ती २०१९ मध्ये निघाली. इंजिनाचा आवाज ज्याला वाचता येतो त्याला अक्षरांपायी अडवणारी ती अट गेली, हे आमचा पेशा अक्षरांचा असूनही आम्हाला योग्यच वाटते.

चाळिशीतल्या पदवीधराची अडचण मात्र उलटी आहे. कागद त्याच्यापाशी सगळे असतात. त्याला हवी असते ती किन्नराची जागा, वयाने लहान उस्तादाच्या हाताखालची. आणि खर्च वाचवण्यासाठी अनेक मालक आता चालकाला एकट्यालाच धाडतात.