मालिकेची वेळ आणि नवी मुंबई

नवी मुंबई आणि मुंबई दूरदर्शन जवळपास एकाच वयाचे. नवे शहर वसवण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाशीच्या पहिल्या वसाहतींत लोक राहायला आले तेव्हा काय पाहायचे आणि कधी, हे दूरदर्शन ठरवी. ‘हम लोग’ने १९८४ मध्ये मालिकेची गोडी लावली, तर १९८७ पासून ‘रामायण’ने रविवारची सकाळ व्यापली. संच थोड्याच घरांत असत, त्यामुळे शेजारीपाजारीही तिथेच जमत. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या कुटुंबांची ओळख वाढायला हे एक मोठे निमित्त होते.

१९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली आणि त्याच वर्षी झी टीव्ही सुरू झाले. केबलवाल्याची तार घरोघर गेली. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली. तिच्यावरील ‘आभाळमाया’ने मराठी घरांची संध्याकाळ बांधून घेतली. ई टीव्हीवरील ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून अधिक चालली. या लांबीमागे जाहिरातींचे अर्थकारण आहे. जाहिरातीचा दर टीआरपीवर, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या मापावर, ठरतो, त्यामुळे जमलेला प्रेक्षक सोडून कथा संपवणे वाहिनीला परवडत नाही. मग लग्ने, सण आणि कारस्थाने वाढत जातात. यात कथेची हानी झाली, हे मान्य करावे लागते. पण आजीपासून नातवापर्यंत सारे घर एका वेळी एकच गोष्ट पाहत होते, हेही तितकेच खरे.

ही सवय मोडणाऱ्या बदलाचे एक केंद्र नवी मुंबईतच आहे. मोबाइल इंटरनेट देणाऱ्या रिलायन्स जिओचा कारभार घणसोलीतून चालतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकट मिळाला आणि देशभर त्याचे दर कोसळले. नेटफ्लिक्स २०१६ च्याच जानेवारीत भारतात आले होते. वर्गणी घेणाऱ्या मंचाला रोजच्या टीआरपीची गरज नसते. म्हणून ‘सेक्रेड गेम्स’च्या पहिल्या पर्वाचे आठही भाग जुलै २०१८ मध्ये एकदम आले. २०२० मध्ये ‘समांतर’ने मराठी प्रेक्षकालाही अशी एकदम येणारी मालिका दिली. कथा आटोपशीर झाली, मात्र रात्रीची झोप कमी झाली.

पनवेल ते सीएसएमटी या सुमारे सव्वा तासाच्या लोकल प्रवासात आता एक-दोन भाग सहज पाहून होतात. घरी रोजची मालिका अजूनही लागते, पण बहुधा ज्येष्ठांसाठी. बाकीचे त्याच खोलीत आपापल्या मोबाइलवर वेगळे काही पाहत असतात.